एकाच टोपलीतले धोटे

आई, मूल आणि घरचं माणूस सोडून, दुसऱ्या कुणाचं उष्टं तुम्ही शेवटचं कधी तोंडाला लावलं? हॉटेलातला पेला मोजू नका. तिथं आपल्याआधी कोण पिऊन गेलं ते माहीत नसतं, म्हणून तर आपण पितो. माहीत असून, डोळ्यांनी बघून, कधी लावलं ते सांगा.

उत्तर लगेच आलं नाही तर हरकत नाही. मलाही आलं नव्हतं. मला बाळाक्काबद्दल लिहायचं आहे आणि तिच्याबद्दल लिहायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते.

बाळाक्का हातमाग शिकवायची. बेळगावकडून निपाणीकडे येताना हायवे सोडून आत गेलं की एक गाव लागतं. तिथल्या मंडळाच्या हॉलमध्ये एका संस्थेनं बारा माग मांडले होते आणि मुलींसाठी विणकाम-रंगकामाचा आठ महिन्यांचा वर्ग काढला होता. गावाचं नाव लिहीत नाही. हे सगळं मी कधीतरी लिहिणार म्हटल्यावर बाळाक्कानंच बजावलं होतं, "गावाचं नाव घालू नको. एका गावाचं नाव घातलीस की बाकीची गावं सुटत्यात."

मी निपाणीची. आई विड्या वळायची, वडील विडी कामगारांची पत्रकं वाटायचे. आमच्या घरात पत्रकांवर अक्षरं गिरवली गेली, पत्रकांवर भाकरी वाढली गेली, गळक्या कौलांच्या फटीत पत्रकंच कोंबली गेली. त्यामुळे बी. ए. होईपर्यंत जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत तयार होतं. हातमागावरही होतं. गरिबाला गरीब ठेवून वर त्याचं कौतुक करायची ही युक्ती आहे, असं ते मत. त्यावर एक लेख लिहायचा म्हणून मी त्या वर्गात नाव घातलं. पंधरा दिवस बघायचं, लिहायचं, परत यायचं.

पहिल्याच दिवशी मी माझं मत बाळाक्काला ऐकवलं. ती खाली बसून सूत गुंडाळलेल्या कांड्या निवडत होती. मान वर न करता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं?" ती म्हणाली. "आता बस. हितं बोलताना हात रिकामा ठेवायचा न्हाय." आणि गुंतलेल्या सुताची एक लडी माझ्या मांडीवर टाकली. ती सोडवायला मला अडीच दिवस लागले. तोवर लेखाची पहिली चार वाक्यं मला स्वतःलाच खोटी वाटायला लागली होती. मी आठ महिने राहिले. वर्गातली प्रज्ञा त्याच गावातल्या आमच्या समाजाच्या वस्तीतली. तिच्या घरी माझी सोय झाली. बाळाक्कानं माझं नाव काही धरलं नाही. शेवटपर्यंत ती मला 'पत्रक' म्हणूनच हाक मारत होती. "ए पत्रक, पाणी आण." "पत्रक, धागा बघ, धागा. छताकडं काय लिवलंय?"

बुटकी, काळीसावळी, साठीला टेकलेली, कमरेला सुतळीनं बांधलेली कात्री. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं पेरापर्यंत काळी होती. लोखंडाच्या रंगानं कायमची धरलेली. नव्या माणसाला वाटायचं, बाईनं हात धुतले नाहीत. ती ते ओळखायची आणि मुद्दाम त्याच हातानं चहाचा कप पुढं करायची.

कापड दिसलं की तिचा हात आपोआप जायचा. बसमध्ये शेजारच्या बाईच्या पदराचा काठ ही दोन बोटांत चोळून बघणार. बाई दचकायची. बाळाक्का म्हणायची, "भिऊ नको गं, काठ चांगला हाय. पर धुताना पिळू नको." वर्गाच्या उद्घाटनाला एक अधिकारी आले होते. हातमाग, परंपरा, ग्रामीण महिला यावर ते वीस मिनिटं बोलले. बाळाक्का शेजारच्या खुर्चीवर. त्यांच्या खांद्यावरच्या सत्काराच्या शालीचं टोक तिनं हळूच चोळलं, आणि भाषण संपून टाळ्या थांबायच्या आत, पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "साहेब, शाल मिलची हाय. हातमागाची म्हणून घातल्यात व्हय तुमास्नी?"

पण मी तिच्यापुढं गप्प झाले ते तिच्या कानांमुळं.

बारा माग एकदम चालायला लागले की हॉलमध्ये शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. नुसतं खटक-खट्, खटक-खट्. बाळाक्का अशा वेळी आत नसायचीच. ती बाहेर पायरीवर पाठ करून बसायची, काहीतरी निवडत, सोलत. आणि तिथून ओरडायची, "तीन नंबर! डावा पाय उशिरा पडाय लागलाय." "तेजू, कांडी संपलीया तुझी. धोटा रिकामा पळतोय. हवा विणतीस काय?"

तेजू खाली बघायची, तर खरंच कांडीवरचं सूत संपलेलं.

एकदा आम्ही कट केला. ती पायरीवर जाऊन बसल्यावर प्रज्ञा आणि तेजूनं मागांची अदलाबदल केली. दोन मिनिटं गेली. बाहेरून आवाज आला, "सहा नंबरावर तेजू बसलीया व्हय? बसू दे, बसू दे. त्या मागाचंबी नशीब बघूया."

हसून आमच्या पोटात दुखायला लागलं. मी मात्र बाहेर जाऊन तिच्यापुढं उकिडवी बसले. "आक्का, तुला कसं कळतं?"

"माग बोलतोय की."

"आम्हाला का ऐकू येत नाही?"

"तुमी आत बसलायसा न्हवं," ती म्हणाली. "आत बसलं की डोळं काम करत्यात. भायेर बसलं की कानाबिगर काय हाय?"

मला तेव्हा ते एखाद्या कारागिराचं साधं उत्तर वाटलं. त्याचा अर्थ कळायला तीन महिने जायचे होते.

चूक झाली की ती रागावायची नाही. एकच शब्द म्हणायची, "उसव." दहा बोटं विणलं असेल तरी उसव, हातभर विणलं असेल तरी उसव. रडलं तर रडू द्यायची, शेजारी बसून स्वतः उसवू लागायची. उसवताना तिचे हात विणतानाच्याइतकेच हळू चालायचे. धागा तुटता कामा नये. उसवलेल्या धाग्याची पुन्हा कांडी भरायची आणि तोच धागा पुन्हा घालायचा. "त्येचा काय गुन्हा?" असं म्हणायची.

काळा रंग शिकवायचा म्हणून तिनं आम्हाला दोन गावं हिंडवली. हिरडे आणायला खानापूरच्या बाजूला गुंजीला, आणि लोखंड आणायला बेळगावच्या उद्यमबागेत. बारा मुली आणि एक म्हातारी फौंड्रीच्या फाटकाशी उभ्या बघून वॉचमन गोंधळला. "काय पाहिजे आक्का? नोकरी न्हाय हितं."

"नोकरी तुझी तुला ऱ्हाऊ दे. गंज पायजे."

"गंज?"

"लेथखालचा कीस. जुना, पावसात भिजलेला, लाल झालेला. दोन पिशव्या."

"भंगारवाल्या हाईसा काय?"

"व्हय. आन् ह्या बारा जणी माझ्या लेकी. सगळ्या भंगारवाल्या. लगीन करतोस काय कुणाशी?" मुली तोंडावर ओढण्या घेऊन हसत होत्या. वॉचमननं आपल्या हातानं पिशव्या भरून दिल्या.

तो कीस, गूळ आणि पाणी मडक्यात घालून तिनं तोंड बांधलं. रोज सकाळी वास घ्यायची, अठराव्या दिवशी म्हणाली, "झालं." हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलेलं कापड पिवळट होतं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं. तिनं ते त्या लोखंडाच्या पाण्यात बुडवलं. कापड वर आलं ते राखाडी. मग वारा लागला आणि आमच्या डोळ्यांदेखत ते काळं होत गेलं, काठाकडून मध्याकडं, जसं काही आतून कुणी दिवे मालवत येतंय. मी आजवर असंख्य काळे झेंडे पाहिलेत. काळा रंग होताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"साकु," बाळाक्का म्हणाली. पुरे. कन्नड शाळेत दोन इयत्ता झालेली ती, पुरे म्हणायचं असलं की कन्नडच निघायचं. मला ते पुरेसं वाटलं नाही. ती आत गेल्यावर मी माझं कापड आणखी तीनदा बुडवून ठेवलं. माझा काळा सगळ्यांत गडद झाला. महिन्याभरात ते कापड घडीवर फाटायला लागलं, बोट लावलं तरी. लोखंड जास्त झालं की ते सूत खातं. बाळाक्कानं त्या भोकातून माझ्याकडं बघितलं. "कडक पत्रक झालं की गं," एवढंच म्हणाली.

आता धोट्याकडे येते.

धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणारी लाकडी होडी. पोटात कांडी असते. कांडीचा धागा धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढावा लागतो. तो काढायची जुनी रीत म्हणजे भोकाला बाहेरून ओठ लावायचे आणि जोरात श्वास आत ओढायचा. फुस्स. धागा जिभेवर येतो. दिवसातून पन्नास-साठ वेळा हे करावं लागतं.

संध्याकाळी बारा जणींचे धोटे एका बुट्टीत जायचे. बुट्टी म्हणजे आमच्याकडची वेताची टोपली. सकाळी हात घालायचा, येईल तो धोटा घ्यायचा. आपला आपला धोटा ठेवायची मुभा नव्हती. एका मुलीनं आपल्या धोट्याला नेलपॉलिशचा ठिपका दिला, तर बाळाक्कानं काचेच्या तुकड्यानं तो खरवडून काढला. "एकाच धोट्याची सवय लागली की हात पांगळा होतोय," ती म्हणाली. "उद्या दुसऱ्या मागावर बसशील, दुसरा धोटा येईल, तवा काय, माझा धोटा आणा म्हणून रडशील?"

हा कसबाचा नियम होता. त्यात दुसरं काही आहे असं चार महिने कुणाच्याच मनात आलं नाही. बारा जणींपैकी सात शेतकरी घरांतल्या, पाच आम्ही वस्तीतल्या. सगळ्यांचे ओठ सगळ्या धोट्यांना लागत होते. मी हे रोज बघत होते आणि मला, पत्रकांवर वाढलेल्या मला, ते दिसलंही नव्हतं.

दिसलं ते मारुतीअण्णांना. ते तेजूचे चुलते आणि मंडळाचे अध्यक्ष. हॉलची किल्ली त्यांच्याकडं. एका दुपारी ते सहज डोकावले. प्रज्ञानं धोटा ओढला, तिची कांडी बसत नव्हती म्हणून तो तेजूकडं दिला, तेजूनं तोच धोटा तोंडाला लावला. अण्णा दारात उभे होते. तसेच मागं वळून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. कोरोनानंतर अशी तोंडाला लावालावी बरी नाही. आरोग्याचा प्रश्न आहे. धोट्यांच्या दोन टोपल्या करा. कुठल्या टोपलीत कुणाचे धोटे, ती यादीही कागदावर आली होती. एका बाजूला सात नावं. एका बाजूला पाच.

मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. असं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. बाळाक्काला मराठी वाचायला वेळ लागायचा, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"झ्याक हाय," म्हणाली. "पर ह्ये आत्ता वाटू नको."

"का? भितेस?"

"ते रोगाचं बोलत्यात, तू जातीचं बोललीस. ते म्हंत्याल, बघा, आमी पोरींच्या तब्येतीचं बोलत होतो आन् ह्यांनी जात काढली. आपणहून त्यास्नी वाट करून दिल्यागत हुतंय." तिनं माझ्या हातातला कागद घेऊन घडी घातली. "आदी त्यांचा रोग काढून घेऊया. मग खाली काय उरतंय बघूया."

त्या दिवशी तिनं मला बारीक तार आणायला पाठवलं. पायरीवर बसून पकडीनं तिनं बारा आकड्या वळल्या. आकडी भोकातून आत घालायची, धागा अडकवायचा, बाहेर ओढायचा. तोंडाचं काम नाही. खरं तर ही रीत चांगलीच होती. सुताची धूळ छातीत जात नाही. पहिल्या दिवसापासून अशाच आकड्या का दिल्या नाहीत, असं मी विचारलं. "मला तरी कुणी दिलत्या?" ती म्हणाली. "चुकलंच माझं. कुणी टोकल्याबिगर सुदारना माणूस." स्वतःची चूक इतक्या सहज मान्य करणारा शिक्षक मी त्याआधी बघितला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मारुतीअण्णा आले. बाळाक्कानं त्यांना खुर्ची दिली, एक आकडी त्यांच्या हातात ठेवली आणि धोटा भरून दाखवला.

"बगा अण्णा. आता तोंड लागत न्हाय. तुमी बोलला त्ये बरंच झालं."

अण्णांनी आकडी उलटीपालटी करून बघितली. "बेस केलासा."

"मग बुट्टी एकच ऱ्हाऊ दे न्हवं?"

अण्णांनी आकडी खुर्चीच्या हातावर ठेवली. "बुट्टी... येगळीच असू द्या की आक्का."

"का वं? तोंड तर लागंना."

"गावात बोलत्यात."

"काय बोलत्यात?"

"आता समदं फोडून सांगाय पायजे व्हय तुमास्नी?"

"व्हय. फोडून सांगा. पोरी शिकायला बसल्यात. त्यास्नीबी कळू दे."

एकेक माग थांबत गेला. अण्णा वाईट माणूस नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. आमच्या पावसाळी सहलीला त्यांनीच ट्रॅक्टर दिला होता. ते खाली बघत, समजावणीच्या सुरात म्हणाले, "रीत असती आक्का. आमच्या आदीपासनं हाय ती. तुमी कोष्ट्याच्या घरच्या, तुमास्नी काय सांगायचं?"

"मी कोष्ट्याच्या घरची म्हणून कुणी सांगिटलं?"

अण्णांनी दाराकडं बघितलं.

"मी सांगिटलं? इचारलासा कवा?" बाळाक्काचा आवाज जराही चढला नव्हता. कांड्या निवडताना बोलायची तसंच बोलत होती. "माझी आई कोष्ट्यांच्या दारात कांड्या भरायची. दारात. उंबऱ्याच्या भायेर. मी तिच्या मांडीला. आत माग चालायचं, आमास्नी आत जायाचं न्हवतं. धा वर्सं मी माग बगितला न्हाय अण्णा. नुसता आयकला. सरकारी विणकाम शाळेत पयल्यांदा मागावर बसलो तवा मास्तर म्हणाला, ही पोरगी कुठं शिकून आली?"

पायरीवर पाठ करून बसलेली बाळाक्का माझ्या डोळ्यांपुढं आली.

"ह्या निपाणीच्या पत्रकाची जी जात, ती माझी," ती म्हणाली. "आन् तुमच्या तेजूचा पयल्या दिवशीचा धोटा मी वढून तिच्या हातात दिलता. चार म्हयनं झालं. काय झालं तिला? सगळ्यांत सरळ काठ तिचा येतोय."

तेजू मागावर बसून होती. मान खाली. तिचे कान लाल झालेले मला माझ्या मागावरून दिसत होते.

अण्णा उठले. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "रविवारपातूर हॉल मोकळा करा."

ते गेल्यावर मी बाळाक्कावर तुटून पडले. हे आधी का सांगितलं नाहीस? लपवलंस कशाला? माझा बाप सांगून, छाती काढून जगला.

"लपवलं न्हाय, सांगिटलंबी न्हाय," ती म्हणाली. "मी माग शिकवाय आलतो." मग, माझ्याकडं न बघता, "तुझा बा मोठा माणूस. त्येचं बरोबरच हाय. मी भीत हुतो, पत्रक. माग मिळाय लई वर्सं गेल्ती."

मी तिच्याशेजारी बसून कांड्या निवडू लागले.

बाळाक्कानं संस्थेच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आक्का, दोन टोपल्यांनी काय बिघडतंय? तडजोड करा. नाहीतर ताणे कापा, माग खोला. दुसऱ्या तालुक्यात बघू."

फोन स्पीकरवर होता. 'ताणे कापा' म्हटल्यावर बाराही जणींनी एकमेकींकडं बघितलं. प्रत्येक ताण्यात, म्हणजे मागावर लांबीला ताणलेल्या सुतात, हजारावर धागे. एकेक धागा आम्ही हातानं मागाच्या फणीच्या फटींतून ओवलेला. शेवटच्या परीक्षेचं कापड मागावर अर्धं विणून झालेलं. ते गेलं की चार महिने गेले, प्रमाणपत्र गेलं, आणि ज्यांच्या घरी 'आठ महिने पुरे, आता लग्न' असं ठरलं होतं त्यांचं पुन्हा बसणंही गेलं.

"ताना कापायचा न्हाय," बाळाक्का फोनमध्ये म्हणाली. "बुट्टीबी एकच. बाकीचं आमी बगतो."

रविवारी आम्ही बारा माग हलवले. लाकडं टेम्पोतून गेली. ताणे टेम्पोत घालता येईनात. मागचा रूळ, पुढचा विणलेल्या कापडाचा रूळ आणि मधे फणीसकट ताणलेले धागे. सैल पडले की गुंता. मग बाळाक्कानं एका मुलीला पुढचा रूळ धरायला लावला, दुसरीला मागचा, आणि मधलं सूत ताठ ठेवून चालायला सांगितलं. हॉलपासून वस्तीतल्या विहारापर्यंत गावाचा सगळा मुख्य रस्ता आहे. त्या रस्त्यावरून आमचे ताणे एकामागून एक गेले. सायकली थांबल्या. म्हैस घेऊन येणारा एक माणूस म्हशीला आडवं धरून उभा राहिला. दुकानाच्या फळीवरचे लोक आधी हसले, मग त्यांच्यातलाच एकजण पुढं होऊन रस्त्यावरचं पोर बाजूला घेत ओरडला, "सरक रं, धागा तुटंल!" त्या आवाजानं मी जेवढी हलले तेवढी कुठल्या सभेतल्या घोषणेनं हलले नसेन.

शेतकरी घरांतल्या सात जणींपैकी चौघी आल्या. दोघी घरी सांगून, दोघी न सांगता. तेजू आली नाही.

तिचा ताणा शेवटी उरला. पुढचा रूळ बाळाक्कानं घेतला, मागचा मी. तिच्या घरासमोर आलो तेव्हा तेजू गच्चीवर उभी होती. बाळाक्का थांबली. साठीची बाई, हातात जड रूळ, दम लागलेला. वर बघून ओरडली, "तेजू, डावा काठ सैल पडलाय गं तुझा! आल्यावर नीट करून घे!"

तेजू आत गेली.

विहारात चारच माग मावले. पाळीपाळीनं, सकाळ-दुपार करून, नऊ जणींनी परीक्षेचं कापड पुरं केलं. तेजूचा ताणा जुन्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात उभा होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, हा आता कापून टाका, फणी दुसरीकडं लागेल. बाळाक्का म्हणाली, "तिचं हाय ते. ती येईल." तो ताणा आजही तिथंच आहे.

वर्ग संपला. संस्थेनं पुढचा काढला नाही. विहारात मुलांच्या अभ्यासाला जागा हवी होती, म्हणून माग खोलून प्रज्ञाच्या वडिलांच्या शेडमध्ये रचून ठेवले. मी बेळगावात नोकरीला लागले. बाळाक्का कुठं असते ते एकेका मुलीकडून कळायचं. कधी कडोलीकडं कुणाच्या घरच्या सोप्यात, कधी खानापूरच्या बाजूला अंगणवाडीच्या व्हरांड्यात. जिथं चार मुली बसतील आणि एक माग मांडायला जागा मिळेल तिथं.

मी तिला शेवटची बघितली ती बेळगावच्या बसस्टँडवर, खानापूरच्या गाडीत. खिडकीशी बसली होती. मांडीवर लहान मुलांच्या दुपट्यात काहीतरी गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले तेवढ्यात कंडक्टर तिच्यापाशी आला.

"आजी, बाळ झोपलंय व्हय? लई शांत हाय."

बाळाक्कानं दुपट्याचं टोक बाजूला केलं. आत मागाची फणी होती. बारीक, चकचकीत, तेल लावून पुसलेली.

"झोपलंय," ती म्हणाली. "सूत लागलं की उठतंय."

कंडक्टर हसला. मग तिनं मला बघितलं. हात खिडकीबाहेर आला. ती काळी पेरं. मला वाटलं डोक्यावर ठेवेल. तिनं माझ्या कुर्त्याची बाही धरली, दोन बोटांत चोळली आणि तोंड वाकडं केलं. बस हलली.

आता माझं एक काम करा. तुमच्या गावात एक खोली आहे. तरुण मंडळाची असेल, सोसायटीची असेल, कुठल्या समाजाची असेल. दुपारभर तिला कुलूप असतं. आज किंवा उद्या जाऊन तिची किल्ली कुणाकडं आहे ते शोधा आणि ती मागा. मुलींना विणकाम शिकवायचंय म्हणून सांगा. कोण कोण येणार असं तुम्हाला विचारतील. तेव्हा सगळ्यांची नावं सांगा, आडनावांसकट, एकही न गाळता. आणि तरीही किल्ली हातात पडली, तर आम्हाला निरोप धाडा. बारा माग शेडमध्ये पडून आहेत. बाळाक्का पहिल्या गाडीनं येईल.